बाबांच्या खोलीत ह्युमिडिफायर लावावा का? (सीओपीडी, घरी ऑक्सिजन, बेळगाव)

अनगोळकर | २९ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचत असतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. उद्यमबागेत फौंड्रीत ३१ वर्षं मोल्डिंगला होते. वाळूच्या धुळीने छाती गेली. कागदावर सिलिकोसिस (वाळूच्या धुळीचा फुप्फुसाचा आजार) आणि सीओपीडी (श्वासनळ्या आकसून कायमचा दम लागतो तो) दोन्ही लिहिलंय. दिवाळीपासून घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे (हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात देतं ते यंत्र), मिनिटाला २ लिटरवर, दिवसाचे पंधरा-सोळा तास.

संक्रांत झाली की आपल्याकडची हवा कशी होते ते तुम्हाला माहीत आहेच. ओठ फुटतात, टाचा भेगाळतात. बाबांच्या नाकात रक्ताच्या खपल्या धरतात, पहाटे घसा सुकतो, बेडका सुटत नाही. पुण्याच्या बहिणीला हे कळलं आणि तिने ऑनलाइन एक ह्युमिडिफायर, म्हणजे खोलीची हवा ओली करायचं यंत्र, पाठवला. पाच लिटरची टाकी, खाली निळा दिवा, वरून धुरासारखी गार वाफ. पहिल्या रात्री बाबा खूश. दुसऱ्या रात्री खोकून खोकून बेजार. आज सकाळी टीव्हीच्या काचेवर आणि औषधांच्या डब्यावर पिठासारखी पांढरी पूड बसलेली दिसली. यंत्र बंद करून ठेवलंय.

माहितीपुस्तिका इंग्रजी आणि चिनीत आहे, त्यामुळे मराठी की कन्नड हा वाद तरी घरात झाला नाही.

विचारायचं ते असं. ही पूड कसली? पाणी कुठलं घालायचं? हेच ठेवू, की दुसऱ्या प्रकारचं घेऊ? डॉक्टरांची तारीख पुढच्या गुरुवारची आहे.

---

कुंदाप्रेमी | २९ जानेवारी, रात्री १०.०५

काय गा अनगोळकर, एवढं कशाला करूलास? खोलीत एक बादली पाणी ठेव, खिडकीला ओला टॉवेल टाक, झालं की. आमच्यात पण तसलंच एक मशीन पडलंय माळ्यावर. पोरांनी चार दिवस वाफ बघून उड्या मारल्या, मग कोण धुणार म्हणून भांडणं.

---

परिचारिका_टिळकवाडी | २९ जानेवारी, रात्री ११.२०

अनगोळकर, बंद केलंत ते बरं केलंत. गुरुवारपर्यंत बंदच राहू द्या.

आधी एक घोळ सोडवते, कारण वॉर्डात रोज बघते. लोक चार वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव देतात. नेब्युलायझर म्हणजे औषध फुप्फुसात पोचवायचं यंत्र. वाफारा म्हणजे भांड्यातली गरम वाफ. खोलीचा ह्युमिडिफायर म्हणजे तुमच्याकडे आलाय तो. आणि चौथी म्हणजे कॉन्सन्ट्रेटरला लावलेली बुडबुड्यांची बाटली. तिलाही ह्युमिडिफायरच म्हणतात. बाबांचं नाक सुकतंय ते नळीतून सतत येणाऱ्या कोरड्या ऑक्सिजनमुळे असू शकतं. खोलीची हवा कितीही ओली केली तरी नळीतली कोरडीच राहणार.

तेव्हा आधी हे बघा:

बाटली लावलेली आहे का? २ लिटरसारख्या कमी प्रवाहाला ती सगळ्यांनाच लागते असं नाही, पण नाकातून रक्त येत असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. असेल तर पाणी दोन रेघांच्या मध्ये हवं. पाणी डिस्टिल्ड, किंवा उकळून गार केलेलं. रोज ओतून टाकायचं आणि नवं भरायचं, कालच्यात भर घालायची नाही. बाटली साबणाच्या पाण्याने धुऊन, खळखळून, उपडी घालून वाळवायची. नळीत पाण्याचे थेंब साचतात का तेही बघा.

दुसरं, आणि हे फार महत्त्वाचं. नाक सुकलं की आपल्या घरात तूप, खोबरेल नाहीतर व्हॅसलिन लावतात. ऑक्सिजन चालू असताना तेलकट काही नाकाला लावू नका. ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ फार लवकर पेट घेतो. पाण्यात विरघळणारं नाकाचं जेल किंवा सलाइनचे थेंब मिळतात, डॉक्टरांना विचारून घ्या. देवघरातला दिवा आणि उदबत्ती त्या खोलीत नको.

आणि घसा सुकतोय म्हणून ऑक्सिजनचा काटा आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. सीओपीडीत जास्त ऑक्सिजनही धोक्याचा असतो.

रक्त वाहायला लागलं, बेडक्याचा रंग बदलला, ताप आला किंवा दम वाढला तर गुरुवारची वाट बघायची नाही.

---

अनगोळकर | ३० जानेवारी, सकाळी ७.१५

ताई, शब्द नाहीत. बाटली आहे, पण रिकामी! यंत्र बसवणाऱ्या पोराने सांगितलं होतं म्हणे, आईने ‘पाणी घालू नका’ असं ऐकलं. आणि खोबरेल रोज रात्री लावत होतो. आजपासून बंद.

---

मीटरवाला | ३० जानेवारी, दुपारी १.३०

पांढऱ्या पुडीबद्दल मी सांगतो. तुमचं यंत्र अल्ट्रासॉनिक आहे. तळाशी एक चकती असते, ती सेकंदाला लाखो वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक थेंब हवेत उडवते. पाणी तापत नाही. म्हणजे पाण्यात जे काही असेल ते सगळं थेंबाबरोबर हवेत. थेंब सुकतो, त्यातले क्षार मागे राहतात. तीच तुमची पूड. टीव्हीवर दिसते ती जड म्हणून खाली बसलेली. बारीक असते ती दिसत नाही, ती श्वासाबरोबर आत.

जरा हिशोब करू. माझ्याकडे टीडीएस मीटर आहे, पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा. आमच्या बोअरचं पाणी ४८० दाखवतं, आरओचं ४०. हा आकडा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये असतो. यंत्र तासाला ३०० मिली पाणी उडवतं असं धरा. बोअरचं पाणी घातलंत तर तासाला १४४ मिलिग्रॅम धूळ, आठ तासांत एक ग्रॅमहून जास्त. आरओचं घातलंत तर तासाला १२. आता १२ बाय १० ची, १० फूट उंच खोली घ्या, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. बोअरच्या पाण्याच्या एका तासाच्या धुळीतला दहावा भागच तरंगत राहिली तरी घनमीटरला ४२० मायक्रोग्रॅम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये बारीक धुळीची २४ तासांची मर्यादा १५ सांगितली आहे. ज्या माणसाने जन्मभर वाळूची धूळ खाल्ली त्याच्या उशाशी हे यंत्र म्हणजे कमाल आहे.

आरओ बरं, पण शून्य नव्हे. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार बहुतेक तसेच राहतात. अल्ट्रासॉनिक वापरायचंच तर डिस्टिल्ड पाणी. रोज अडीच लिटर. महिन्याला पंच्याहत्तर लिटरचे कॅन कोण वाहणार आणि कोण पैसे देणार ते घरात ठरवा.

---

कुंदाप्रेमी | ३० जानेवारी, दुपारी २.१०

बॅटरीचं पाणी चालतं की. पेट्रोल पंपावर मिळतं, स्वस्त.

---

परिचारिका_टिळकवाडी | ३० जानेवारी, दुपारी ३.००

नको. क्षार काढलेले असतात हे खरं, पण ते बॅटरीसाठी भरलेलं असतं, माणसाच्या श्वासासाठी नाही. कॅन कसला, आधी त्यात काय होतं, किती दिवस उन्हात पडला होता, काही ठिकाण नसतं. ऑक्सिजनच्या बाटलीत तर अजिबात नको.

---

खडेबाजार | ३० जानेवारी, संध्याकाळी ६.४५

मग गरम वाफेचं घ्या की. पाणी उकळूनच वाफ सोडतं, जंतू मरतात, क्षार भांड्यात राहतात. आमच्या आईला दम्याला तेच आहे, चार वर्षं. व्हिनेगर घालून आठवड्याला तळाची पापडी काढतो, बास.

---

निपाणीची_सून | ३० जानेवारी, रात्री ८.२०

खडेबाजार, पाण्याच्या बाबतीत तुमचं बरोबर. पण घरात लहान मूल असेल किंवा म्हातारं माणूस रात्री धडपडत उठत असेल तर उकळतं भांडं जमिनीवर ठेवायला मला भीती वाटते. आमच्या शेजारी पाय भाजलाय एकीचा. ऑक्सिजनची नळी पायात येते ती वेगळीच.

सासूबाई तंबाखूच्या वखारीत होत्या, पंचवीस वर्षं चाळणीवर. त्यांनाही दमा. आम्ही एकदा अनगोळकरांसारखंच यंत्र घेतलं होतं. त्याला वरून ‘अरोमा’ची चकती होती. मी हौसेने निलगिरीचे चार थेंब टाकले. पाच मिनिटांत त्यांचा श्वास घुसमटला, पंप द्यावा लागला. निलगिरी, कापूर, पुदिन्याचं तेल, सर्दीचं मलम, यातलं काहीही टाकीत घालू नका. निरोगी माणसाला नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, दम्याच्या नळ्या आवळतात.

---

मीटरवाला | ३० जानेवारी, रात्री ९.००

+१. आणि जंतुनाशकही नाही. टाकी बुळबुळीत झाली म्हणून कुणी झाकणभर जंतुनाशक टाकतं, तसं करू नका. दक्षिण कोरियात हेच झालं. ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळायची जंतुनाशकं तिथे १९९४ पासून दुकानात मिळत होती. लोक रोज झाकण मोजून घालायचे, स्वच्छतेची काळजी म्हणून. २०११ मध्ये बाळंतिणींना आणि लहान मुलांना फुप्फुसाचा विचित्र आजार व्हायला लागला तेव्हा शोध लागला, की त्यातलं पीएचएमजी नावाचं रसायन वाफेबरोबर थेट छातीत जात होतं. माणसं दगावली, अनेकांची फुप्फुसं कायमची निकामी झाली. तेच रसायन फरशीवर टाकलं असतं तर एवढं काही झालं नसतं. थेंब करून श्वासात घातलं की विष झालं.

---

वडगावचा_माग | ३१ जानेवारी, सकाळी ६.३०

चर्चा वाचतोय. आमचं घर विणकराचं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून आजोबा माग खड्ड्यात लावायचे, जमिनीची ओल मिळते म्हणून. पुढे पावरलूम आले तेव्हा वडील उन्हाळ्यात फरशीवर पाणी शिंपडायचे. सुताला किती ओल हवी ते हात लावून कळायचं त्यांना. सगळ्यांना खोकला होता, त्याचं कुणी काही मोजलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. खोली खरंच कोरडी आहे हे ठरवलं कुणी? मोजलंय का?

---

मीटरवाला | ३१ जानेवारी, सकाळी ९.१०

हा पहिला प्रतिसाद असायला हवा होता!

हायग्रोमीटर घ्या, म्हणजे हवेतली ओल मोजायचा मीटर. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा डबा असतो, यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ. पंख्याखाली, खिडकीत किंवा यंत्राजवळ ठेवू नका, बाबांच्या पलंगाच्या उंचीला ठेवा. दोन घेतलेत तर उत्तम, स्वस्तातले एकमेकांशी पाच-सात टक्क्यांनी भांडतात. सापेक्ष आर्द्रता (हवेत मावेल त्याच्या किती टक्के ओल आहे ती) ३० ते ५० टक्क्यांत असेल तर यंत्राला हात लावायचं कारण नाही. ५० च्या वर गादीतले धुळीचे किडे फोफावतात, ६० च्या वर भिंतीला बुरशी. दमा असणाऱ्याला हे दोन्ही कोरड्या हवेपेक्षा वाईट.

अवांतर वाटेल, पण गंमत बघा. २५ अंशाला त्या ३४ घनमीटर हवेत जास्तीत जास्त पाऊण लिटरच्या आसपास पाणी मावतं. ३० टक्क्यांवरून ४५ वर जायला लागतं फक्त ११५-१२० मिली, म्हणजे एक मोठा कप. खोली घट्ट बंद असेल तर ३०० मिलीचं यंत्र तासाभरात ६५ च्या वर नेईल. उलट घर मंगलोरी कौलांचं असेल, फटीफटीतून वारा खेळत असेल, तर पाच लिटर उडवूनही मीटर ढिम्म हलणार नाही. मग लोक म्हणतात यंत्र खराब.

---

अनगोळकर | ३१ जानेवारी, सकाळी ९.४०

आमचा पुढचा भाग स्लॅबचा, बाबांची खोली जुन्या भागात, कौलारू. गणपत गल्लीत जाऊन मीटर आणतो आजच.

---

निपाणीची_सून | १ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

आम्ही शेवटी काय घेतलं ते सांगायचं राहिलं. पंखा आणि ओली वात असलेलं, इव्हॅपोरेटिव्ह म्हणतात ते. वात पाणी शोषते, पंखा तिच्यातून हवा ओढतो, क्षार वातीतच अडकतात, पूड पडत नाही. हवा ओली झाली की आपोआप पाणी कमी सुकतं, म्हणून अतिरेकही होत नाही. धूर दिसत नाही त्यामुळे सासऱ्यांना ते बंद आहे असंच वाटतं.

पण वात म्हणजे ताप. दोन महिन्यांत कडक झाली, वास यायला लागला. बदलीची वात इथे मिळत नाही, कोल्हापूरहून मागवली. घेण्याआधी वात कुठे मिळते ते विचारा, यंत्र नंतर. सासूबाईंना त्याने बरं वाटतं, मात्र आम्ही ते फक्त शिमग्यापर्यंत, दुपारच्या वेळी लावतो.

---

परिचारिका_टिळकवाडी | १ फेब्रुवारी, दुपारी ४.३०

कुठलंही घ्या, धुणं चुकत नाही. रोज उरलेलं पाणी ओता, टाकी पुसून कोरडी करा. दर तिसऱ्या दिवशी साफ करा, व्हिनेगरने क्षार सुटतात, मग साध्या पाण्याने इतकं खळखळा की वास राहता कामा नये. साफ करताना प्लग काढा. साचलेल्या पाण्यातल्या बुरशी-जंतूंचा फवारा रोज छातीत गेला तर काहींना फुप्फुसाची ॲलर्जीची सूज येते. ताप, अंगदुखी, धाप, आणि बाहेरगावी गेलं की बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा. डॉक्टर न्यूमोनिया समजून औषधं देत राहतात आणि कारण उशाशी वाफ सोडत असतं.

घरात रोज कोण धुणार हे नाव घेऊन ठरलं नसेल तर यंत्र घेऊच नका. ‘आपण सगळे मिळून’ म्हणजे कुणीच नाही.

---

खानापूरकर | २ फेब्रुवारी, रात्री १०.३०

जांबोटीकडून बोलतोय. तुमचं वाचून हसू येतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चपलेला बुरशी, पापडाला बुरशी, भिंतीवर काळा नकाशा. मोठ्या भावाला ब्राँकायटिस, पावसाळा आला की तो मुलीकडे विजापूरला जातो. कोरड्या हवेसाठी! त्याला तिथे बरं वाटतं. एकाच जिल्ह्यात सांबऱ्याला एक हवा, कणकुंबीला दुसरी. तेव्हा ‘बेळगावला ह्युमिडिफायर लागतो का’ याला एक उत्तर नाही.

कुणी घेतलाच तर मृगाच्या आधी धुऊन, वाळवून माळ्यावर टाका. ओल्या टाकीसकट ठेवलात तर पुढच्या जानेवारीत काय निघेल ते मी सांगायला नको.

---

कुंदाप्रेमी | ३ फेब्रुवारी, सकाळी ८.००

माळ्यावरचं काढून बघितलं. खानापूरकर, तुम्ही बघितल्यासारखंच लिहूलात. हिरवं. टाकून दिलं.

---

अनगोळकर | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२०

गुरुवारी दाखवून आलो, उशिरा लिहितोय.

मीटर आठ दिवस लावला. दुपारी तीनला २९ ते ३३, रात्री अकराला ४४ ते ४८, पहाटे पाचला ५८ ते ६२. म्हणजे बाबांचा घसा ज्या वेळी सुकतो, नेमक्या त्याच वेळी खोली सगळ्यात ओली! आणि आम्ही रात्रभर त्या साठ टक्क्यांत वाफ ओतत होतो.

डॉक्टरांनी मीटरची वही बघितली. बाटलीत पाणी ठेवायला सांगितलं, रोज बदलून. नाकासाठी पाण्यातलं जेल दिलं. डोक्यावरचा पंखा थेट तोंडावर येत होता, तो बंद करून भिंतीचा लावलाय. बाबा तोंड उघडं ठेवून झोपतात, तेही घसा सुकायचं कारण असू शकतं म्हणाले. दिवसभरात पाणी किती प्यायचं ते त्यांच्या पायाची सूज बघून ठरवून दिलं, कारण आम्ही आपलं ‘भरपूर प्या’ करत होतो. बेडका सुटायला फिजिओथेरपीचे श्वासाचे व्यायाम शिकवले. ह्युमिडिफायर लागणार नाही म्हणाले. दुपारी फारच कोरडं वाटलं तर दारात ओला टॉवेल टाका, संध्याकाळी काढा. कुंदाप्रेमी, तुमचा टॉवेल जिंकला.

खपल्या जवळजवळ गेल्यात. खोकला आहेच, तो जाणाराही नाही.

---

कुंदाप्रेमी | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२५

मी तेच म्हटलेलो! पार्टी पायजे.

---

वडगावचा_माग | १० फेब्रुवारी, सकाळी ६.१०

बहिणीला काय सांगितलंत?

---

अनगोळकर | १० फेब्रुवारी, रात्री ८.५०

यंत्र परत करायची मुदत होती, पाठवून दिलं. तिला सांगितलं की डॉक्टरांनी नको म्हटलंय. डॉक्टरांचं नाव घेतलं की आमच्याकडे वाद मिटतात. तिच्याच पैशाने दुसरा मीटर घेतला, आता दोन्ही शेजारी ठेवलेत. खरंच चार टक्क्यांचा फरक दाखवतात.

बाबा रोज सकाळी चष्मा लावून दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहितात. फौंड्रीत साच्याच्या वाळूत पाणी किती पडलंय ते मूठ आवळून बघायचे. मूठ उघडली की गोळा टिकला पाहिजे आणि तळहाताला चिकटला नाही पाहिजे. काल दोन मीटरचे दोन आकडे बघून म्हणाले, ‘यातला फोरमन कोण?’

---

मीटरवाला | १० फेब्रुवारी, रात्री ९.३०

काकांना सांगा, दोन्ही मीटर एका बंद डब्यात ओल्या मिठाच्या वाटीबरोबर रात्रभर ठेवा. मीठ भिजलेलं हवं, विरघळून पाणी झालेलं नको. सकाळी ७५ दाखवेल तो फोरमन.

---

अनगोळकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

एक ७४, दुसरा ७८. बाबांनी दुसऱ्यावर खडूने ‘−३’ लिहून ठेवलंय.